वरच्या पाण्यातले मासे

४ जानेवारी

मुली,

आशीर्वाद लिहिला की तू पुढचं वाचणार नाहीस, असं तुझी आई म्हणते. म्हणून लिहीत नाही. दिलेला आहे असं धर.

हे पत्र माशांबद्दल आहे. तू घर सोडून गेलीस त्याला चौदा महिने झाले. जाताना माझ्याशी एका वाक्यापलीकडे बोलली नाहीस, पण टाकीवर कागद चिकटवून गेलीस. पाणी काठापासून तीन बोटं खाली ठेवा, झाकण कधीही उघडं टाकू नका, आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदला. तो कागद अजून आहे. शाई पुसू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली. मासे नऊ होते, नऊच आहेत. आज सकाळी तीनदा मोजले. मोजणं सोपं नाही. तुझे हे कुऱ्हाडीच्या पात्यासारख्या पोटाचे मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराला पाठ टेकवून उभे असतात, आणि माझी सावली पडली की सगळे एकदम वळतात. एवढी मोठी टाकी, खालचं सगळं पाणी मोकळं, आणि ही मंडळी छताला चिकटलेली. आई त्यांच्यासाठी बरणीत केळ्याच्या सालीवर चिलटं पाळते. बरणी उघडून टाकीवर टिचकी मारते आणि म्हणते, "या पाहुण्यांनो, पानं वाढली." निम्मी चिलटं माझ्या नाकात जातात.

मला भीती हीटरची वाटते. पाण्यात काचेची कांडी आणि कांडीत वीज. तू म्हणायचीस, "बाबा, प्लग काढला की झालं." पण प्लग कोणीही परत लावू शकतो. मी चौतीस वर्षं खांबावर चढलो ते एका नियमावर. आधी फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात घालायचा, मगच हात लावायचा. खिशातला फ्यूज दुसरा कोणी लावू शकत नाही. माझ्या जोडीदाराने एकदा तो खिशात न घालता खालच्या पेटीवर ठेवला होता. कोणीतरी पुण्य करायला म्हणून जागेवर बसवला. जोडीदार अर्धा तास वर तारेला तसाच लटकून होता आणि मी खाली उभा होतो. म्हणून तुझ्या माशांचं पाणी बदलायच्या आधी मी घराचा मुख्य फ्यूज काढतो आणि खिशात घालतो. तळमजल्यावरची शिलाईवाली हसते. म्हणते, "काका, माशांना शॉक बसत नाही, तुम्हाला कसा बसेल?" मी म्हणालो, मासे जमिनीवर उभे नसतात.

तू दिवसभर तिकडे डोंगरात विजेच्या मनोऱ्यांवर असतेस. पट्टा दोनदा ओढून बघत जा. तिसऱ्यांदा बघितलास तरी कोणी हसणार नाही.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे, पण तो हल्ली कोणाला नाही? रविवारी ती फोनवर कमी बोलते ते खोकल्यामुळे नाही. तिला तुझं ऐकायला आवडतं.

ज्या गोष्टीवरून तू गेलीस त्याबद्दल मी काही लिहीत नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझा बाप


१९ जानेवारी

मुली,

मासे नऊ.

टाकी आता बाहेरच्या खोलीत नाही, आईच्या पलंगाशेजारी आहे. उशीवरून मान न वळवता दिसते. शिलाईवालीने आणि मी मिळून हलवली. निम्मं पाणी बादल्यांत काढलं, मासे पातेल्यात घातले, पातेल्यावर ताट, ताटावर वरवंटा. शिलाईवाली म्हणाली, "काका, मासे आहेत की कैदी?" हसायला काय जातं. त्यांची उडी तिने बघितलेली नाही. छातीचे पर फडफडवत सरळ वर येतात. भ्याले की ते खाली जात नाहीत, वरच जातात. हे कोणी शिकवलं त्यांना? भिणाऱ्याने खाली जावं, कोपऱ्यात बसावं. मला तरी तेवढंच समजतं.

घरात एक नवीन यंत्र आलं आहे. हवा साफ करायचं. धूळ फार होते. लहान फ्रीजएवढं आहे, खाली चाकं आहेत. आधी धप् करतं आणि मग सुस्स करतं. पहिल्या दिवशी मासे त्या आवाजाने घाबरले आणि झाकणावर टक् टक् डोकी आपटली. आता सवय झाली. सुरुवातीला दिवसाला चार तास लावायचो, आता जास्त वेळ लावतो. नळी लांब आहे, त्यामुळे मोरीपर्यंत जाता येतं.

विजेचं म्हणशील तर यंत्र, हीटर आणि माशांचा पंप, तिन्ही एकाच मुख्य फ्यूजवर आहेत. मी तार बदलून जाड घातली. रोज सकाळी पेटीला पालथा हात लावून गरम आहे का बघतो. आई म्हणते, पेटीला ताप आला की मलाही सांगा, दोघी मिळून काढा घेऊ.

झाकणाच्या कोपऱ्यात वायरसाठी खाच आहे ना, ती मी कानस मारून थोडी मोठी केली. उद्या वेळ आली तर हीटर झटकन बाहेर ओढता यावा म्हणून. खाचेत फडकं कोंबतो. काळजीचं काही नाही.

शिलाईवाली परवा जिन्यात म्हणाली, "काका, मुलीला कळवलंत का?" मी म्हणालो, काय कळवायचं? ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला शिवण मीच घातली की काय?" तिला बोलायला फार लागतं. तुझं लक्ष कामात राहावं असं आईचंच म्हणणं आहे. उंचावर असताना माणसाच्या डोक्यात घर नसावं. हे मीही मानतो.

खाली वारा सुटला की तिकडेही सुटला असेल असं वाटतं. वारा सुटला की उतरत जा.

तुझा बाप


२ फेब्रुवारी

मुली,

मासे आठ आहेत. एक गेला. झाकणाच्या खाचेतून गेला, माझ्या चुकीने. फडकं नीट बसलं नव्हतं. मागे, भिंत आणि टाकीच्या मध्ये सापडला. वाळलेल्या पानासारखा झाला होता. खाच मी आता लाकडाचा तुकडा घासून बंद केली.

बाकी सगळं ठीक. मंगळवारी एवढंच झालं, दुसरं काही झालं नाही. शिलाईवालीशी तुझं बोलणं होत असेल तर ती काही सांगेल, पण तिला गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे.

पाणी बदललेलं नाही. बदलेन.

आई रविवारी तुझ्या फोनची वाट बघत होती. आला नाही. छावणी पुढे हलवली असेल, रेंज नसेल, असं मी तिला सांगितलं. तेच असेल ना? दुसरं काही नसेल ना? एखाद्या कागदावर नुसती रेघ ओढून पाठवलीस तरी चालेल.

तुझा बाप


११ फेब्रुवारी

मुली,

हे पत्र नीट बसून वाच. खाली, जमिनीवर बसून. वर नेऊ नकोस.

आई आजारी आहे. खोकला नाही. तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. स्पंज सुकल्यावर कसा होतो तसं, म्हणाले. ते यंत्र धुळीचं नाही, प्राणवायूचं आहे. आधी चार तास होतं, मग बारा, आता आंघोळीपुरतंही काढता येत नाही. परवा मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "मुलगी बाहेरगावी असते म्हणालात ना? बोलावून घ्या. उन्हाळ्याची वाट बघू नका."

आईने मला शपथ घातली होती. तू नवीन आहेस, दोन वर्षं भरायची आहेत, मध्येच आलीस तर परत घेणार नाहीत, म्हणून. रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा ती सकाळपासून कोणाशी बोलायची नाही. श्वास साठवायची. दोन मिनिटं तुझ्याशी धड बोलायची, "हो गं, मजेत," आणि फोन ठेवला की अर्धा तास उशीला टेकून डोळे मिटून पडायची. मी समोर बसलेला असायचो. 

आता मंगळवारचं.

मागच्या पत्रात दुसरं काही झालं नाही असं लिहिलं, ते खोटं. सकाळी दहा वाजता पाणी बदलायचं होतं. पूर्वी आई दोनतीन तास यंत्राशिवाय राहू शकायची. तेवढ्या वेळात मी फ्यूज काढायचो, पाणी बदलायचो, फ्यूज लावायचो. मंगळवारी ती म्हणाली, "आज लवकर आटपा हं." मी फ्यूज काढून खिशात घातला. यंत्र वीज गेली की टूं टूं ओरडतं, त्यावर मी नेहमीसारखी उशी दाबून ठेवली, कारण त्या आवाजाने मासे उड्या मारतात. झाकण उचललं, मोजले, आठ. परत मोजले, आठच. मग तो मागे सापडला.

मला काय झालं कोण जाणे. मला वाटलं एक उडाला म्हणजे आता बाकीचे उडणार, पाण्यातच काहीतरी बिघडलंय. तो मासा कागदात गुंडाळला, खिशात घातला आणि माशांच्या दुकानात निघालो. आईला म्हणालो, आलोच. तिने हात वर केला. मला वाटलं, जा म्हणते.

दुकानात गिऱ्हाईक होतं, थांबलो. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "आजोबा, हा मासा वरच्याच पाण्यात राहणार. दार उघडं दिसलं की गच्चीवर जाणारच. पाण्याला काही झालेलं नाही, झाकण नीट लावा." मी म्हणालो, आधी हा बघून तर सांगा, आणि खिशात हात घालून हाताला लागलं ते काउंटरवर ठेवलं. तो म्हणाला, "हा मासा नाही आजोबा."

फ्यूज होता.

मुली, मी चौतीस वर्षांत कितीतरी वेळा खिशात हात घालून तो आहे ना हे चाचपलं असेल. आहे म्हटलं की जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी तो दुकानाच्या काचेवर पांढरा दिसला आणि मी पळत सुटलो. कसा आलो ते आठवत नाही. रस्त्यात कोणीतरी "म्हातारबा, मरायचंय का?" असं ओरडलं एवढं आठवतं.

जिना चढताना यंत्राचा आवाज आला. धप्, सुस्स. मला वाटलं मला भास होतोय. आत शिलाईवाली आईच्या पाठीला छाती लावून पलंगावर बसली होती, तिला उठतं धरून. आईचे ओठ जांभळे होते, पण डोळे उघडे होते. नाकात नळी होती.

यंत्र उशीखाली ओरडत होतं, पण ती टूं टूं जमिनीतून खाली तिला ऐकू गेली आणि नेहमीसारखी थांबेना. ती वर आली. तिने पेटी उघडली, फ्यूजची जागा रिकामी बघितली, खाली धावत गेली आणि स्वतःच्या घरचा फ्यूज उपसून आणून इथे बसवला. ओल्या हातांनी. तिला काय झालं असतं, याचा विचार करायची मला अजून हिंमत होत नाही.

मला म्हणाली, "काका, खिशात काय आहे तुमच्या?"

मी दाखवला.

"द्या इकडे." घेतला आणि ब्लाउजात खोवला. "आजपासून ही पेटी माझी. तिच्यापासून चार हातांच्या आत दिसलात तर तुमचे हात पॅंटच्या खिशांना शिवून टाकीन."

आई तेवढ्यात बोलली. एकेक शब्द तोडून. "रागवू नका. त्यांना. माशाचं. वाईट वाटलं."

चाळीस मिनिटं. दुकानात जायला बारा, तिथे पंधरा, आणि परत. मी हे रोज मोजतो.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, तू हात वर केलास तो कशासाठी? ती म्हणाली, "थांबा म्हणत होते." मग हसली. "तुम्ही कधी नव्हे ते मागे न बघता निघालात. म्हटलं, जाऊ दे."

शिलाईवालीने तुला फोन लावून दिला. लागला नाही. मग कंपनीच्या कचेरीत लावला. तिथल्या माणसाने माझं नाव विचारलं, मग थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "बरं. निरोप मिळाला." आणि ठेवला. त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मला ते आवडलं नाही.

तू म्हणशील, बाबांनी पुन्हा आजाराचं पत्र लिहिलं. म्हणशील, हे यांचं ठरलेलंच आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. म्हणून शिलाईवालीचा नंबर खाली लिहितो. तिला विचार. ती माझ्या बाजूने कधीच बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझा बाप


२० फेब्रुवारी

मुली,

आज सकाळी तू शिलाईवालीला फोन केलास. ती फोन कानाला लावूनच वर आली. पायऱ्यांवरूनच म्हणत होती, "होय गं बाई, खरं आहे, माझ्या दोन डोळ्यांनी बघते रोज." मग फोन माझ्याकडे धरला. पंधरा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू बाबा म्हणाली नाहीस. "फोन यंत्राजवळ धरा," म्हणालीस. धरला.  यंत्र तेवढं बोलत होतं. मग म्हणालीस, "आता आईच्या तोंडाजवळ." तिथेही धरला. तिचा श्वास ऐकलास. फोन माझ्या हातात होता, आईने वरून स्वतःचा हात ठेवला.

मग तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहितो. फोनवर मी नुसतं हं हं करत होतो, तुला वाटलं असेल मला कळलं नाही. कळलं.

तू सुट्टी मागायला साहेबांकडे गेलीस. छावणीतून खाली यायला कंपनीची गाडीच लागते, पायी दोन दिवस, आणि सध्या वाटेत दरड आहे. गाडीवर साहेबांची सही लागते. साहेबांनी तुझी फाइल काढली. त्यात माझं पत्र होतं. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी आधी तू आजारी असल्याचं लिहून दिलं. ते खोटं निघालं. आता आई आजारी. तुला खाली उतरवायचा प्रयत्न पहिल्यांदा फसला म्हणून हा दुसरा. मी गाडी देणार नाही." तू भांडलीस. तेव्हा ते म्हणाले, "वडिलांनी लेखी दिलं होतं, लेखीच मागे घेऊ दे. सहीसकट. मग बघू."

आणि मला तू म्हणालीस, "तुम्ही लिहून देणार नाही हे मला माहीत आहे. मी पायी निघते."

पायी निघू नकोस.

ते पत्र मी लिहिलं. तुला माहीत आहे, आईला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने कबूल केलं नाही, म्हणून इथे करतो. तुझी निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी मी पोस्टात गेलो, उभ्याउभ्याच लिहिलं. माझ्या मुलीला लहानपणापासून फिट येतात, तिला उंचावर चढवू नये, मी स्वतः निवृत्त लाइनमन असून मला या कामाची माहिती आहे. सही, जुना नोकरीचा क्रमांक. तुला कधी ताप आला तरी दोन दिवसांत उतरायचा. मला वाटलं, ते तुला नुसतं नाही म्हणतील. तू चारदोन दिवस रुसशील आणि दुसरं काहीतरी शोधशील. त्यांनी दोन दिवस तुझ्या डोक्याला तारा लावून तुला खाटेवर निजवलं, हे मला नंतर कळलं. तू पास होऊन आलीस, पिशवी भरलीस आणि दारात म्हणालीस, "बाबा, तुम्ही मला आजारी पाडलंत." मी तेव्हा फ्यूजची पेटी पुसत होतो. पुसतच राहिलो.

आता लेखी द्यायचं म्हणजे मी खोटी तक्रार केली असं माझ्याच हाताने लिहायचं. त्यात नोकरीचा क्रमांक आहे. खटला भरला तर? पेन्शन अडवली तर? यंत्राचं भाडं, डॉक्टर, सगळं त्यावर आहे. मी आईला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "तुम्ही. इतकी वर्षं. नसलेल्या गोष्टींना भ्यालात. एकदा. असलेल्या गोष्टीला भ्या."

असलेली म्हणजे कुठली, ते मी विचारलं नाही. पलंगावर समोरच होती.

तुझा बाप


२२ फेब्रुवारी

मुली,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. हातात देईन. तू दारात आलीस की माझ्या तोंडून काही निघणार नाही, मला ठाऊक आहे. मी पटकन पाणी आणायला आत जाईन.

काल सकाळी साहेबांना लिहून दिलं. तीन कागद फाडले. पहिल्यात मी कारणंच देत बसलो होतो. शिलाईवालीने वाचून दुमडला आणि म्हणाली, "काका, हे तुमचं रडगाणं आहे. साहेबांना काय पाहिजे तेवढं लिहा." दुसऱ्यात एवढी खाडाखोड झाली की वाचता येईना. तिसऱ्यात सही करताना माझं नाव दुसऱ्याच माणसाचं वाटायला लागलं. चौथा आईच्या पलंगावर बसून लिहिला. ती बघत होती आणि मासे बघत होते. साक्षीदार म्हणून शिलाईवालीने सही केली, आणि आईनेही. तिला एका सहीला तीन थांबे लागले. मग शिलाईवालीने आपल्या फोनवर त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला.

दुपारी उत्तर आलं. गाडी उद्या सकाळी निघते. दरड बाजूला केली आहे असं म्हणतात. चालकाला फोन करून सांगावंसं वाटतं की घाटात पुढच्या गाडीच्या फार मागे लागू नकोस. नको, सांगत नाही. त्याला त्याचं काम येत असेल.

आई आहे. आज दोन घास खाल्ले. तू कधी येतेस हे तिने मला चार वेळा विचारलं, तू येणार हे तिला माझ्याआधी कळलं होतं तरी. तुझ्या खोलीतली चादर बदलली. मासे आठच आहेत, नवीन आणले नाहीत.

साहेबांच्या फाइलमध्ये आता माझी दोन पत्रं आहेत. तुला ती दाखवतील की नाही कोण जाणे. म्हणून दुसऱ्याची नक्कल खाली उतरवून ठेवतो. तुझ्याकडे असू दे.


माननीय साहेब यांस,

मी खाली सही करणारा निवृत्त लाइनमन लिहून देतो की, माझ्या मुलीला फिट येतात असं मी आपल्याला पूर्वी कळवलं होतं, ते खोटं आहे. तिला फिट कधीही आलेली नाही. तिला कसलाही आजार नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मीच एकट्याने लिहिलं.

तिची आई आजारी आहे हे मात्र खरं आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. दिवस थोडे आहेत.

साहेब, मी हे काम चौतीस वर्षं केलं आहे, म्हणून माझ्या माहितीप्रमाणे लिहितो. माझी मुलगी लहान असल्यापासून मी तिला झाडावर, भिंतीवर, माझ्याच शिडीवर चढताना बघितलं आहे. ती आधी पाय रोवते, मग हात सोडते. वर गेल्यावर बडबड करत नाही. माझ्याबरोबर काम केलेल्यांत असे दोनच होते. भीती तिला नाही, मला आहे. ती मी आजार म्हणून तिच्या नावावर लिहिली. याबद्दल काय कारवाई करायची ती माझ्यावर करावी, तिच्यावर करू नये.

ती उंचावर चढण्यास योग्य आहे.

तिला आधी घरी पाठवा. मग पुन्हा वर चढवा. माझी हरकत नाही.